कलती मान

फ्रेमवाल्याला जगात एक गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे भिंतीवर वाकडी लटकलेली चौकट. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी तो भिंतीपाशी जाऊन तसबिरीचा कोपरा बोटाने वर सारायचा. बँकेत मॅनेजरच्या डोक्यावरचा फोटो त्याने सरळ केला होता, मॅनेजर खाली खुर्चीत बसलेला असताना. एका शोकसभेत सगळे माना खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभे होते, तेव्हा हा हळूच पुढे गेला, गेलेल्या माणसाचा फोटो सरळ केला आणि परत आपल्या जागी येऊन दुःखात सामील झाला. खिशात रुमाल एखाद वेळी नसेल, पण बोटाएवढी पाणसळ कायम असायची. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की याच्या जिवात जीव येई.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की याच माणसाची बायको तीस वर्षं वाकडी मान करून त्याच्या शेजारी बसत होती आणि त्याला ती मान कधी वाकडी वाटली नव्हती.

वाकडी म्हणजे तशी फार नव्हे. डाव्या खांद्याकडे जराशी कललेली, कुणी कानात काही सांगतंय आणि आपण ते ऐकतोय अशी. दुकान दोघांचं मिळून एकच होतं. अर्ध्यात तो चौकटी करायचा, अर्ध्यात ती रफू करायची. रस्त्याकडे तोंड करून दोघं शेजारी शेजारी बसत. त्याच्या डाव्या हाताला खिडकी आणि उजव्या हाताला, आतल्या बाजूला, बायको. म्हणजे बायकोच्या डाव्या हाताला तो, आणि मान कलायची ती थेट त्याच्याकडे.

आणि फ्रेमवाला बोलायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. ओठांत चार खिळे धरूनही त्याला बोलता यायचं. काच कापताना तेवढा गप्प असे, कारण एकदा बोलता बोलता काच तडकली होती, आणि ती कशी तडकली तीही त्याची एक गोष्ट होऊन बसली होती. बायको सुईवरची नजर काढायची नाही. मान त्याच्याकडे कललेली ठेवून अधूनमधून एकच शब्द बोलायची, "पुढे?" तेवढ्यावर त्याची अख्खी दुपार निघायची.

"सुखी संसाराचं काय ते सांगू?" तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "ऐकणारं माणूस मिळावं लागतं. हिची मान बघा. लग्नाआधीपासून अशीच आहे, माझ्याकडे."

गिऱ्हाईक बघायचं. बायको धागा दातांनी तोडून गालातल्या गालात हसायची.

लग्नाआधीपासून, हे खरंच होतं. दोघांची पहिली भेट बसथांब्याच्या बाकावर झाली. फ्रेमवाला तेव्हा धंद्यात नवा होता. एका हौशी माणसाने आपल्या घोड्याचं मोठं चित्र काढून घेतलं होतं, आणि माप घेताना याने पट्टी इतकी आत धरली की घोड्याची शेपटी चौकटीखाली गेली. मालक म्हणाला, घोडा माझा आहे, पण शेपटी कुठाय? मग ती चौकट उकलून, शेपटी बाहेर काढून, नवी चौकट करून तो ते चित्र परत द्यायला निघाला होता. बस येईना. बाकाच्या एका टोकाला एक मुलगी बसली होती, तिला त्याने घोड्याची गोष्ट सांगायला घेतली. थोड्या वेळाने ती उठली. गेली वाटतं, असं त्याच्या मनात आलं, तर ती वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि त्याच्याकडे मान कलती करून म्हणाली, "पुढे?" इतकं मन लावून त्याचं बोलणं तोवर घरच्यांनीही ऐकलं नव्हतं. फ्रेमवाला तिथेच गार झाला.

त्या गोष्टीचा शेवट तिने पुढच्या भेटीत ऐकला. शेपटीसकट घोडा भिंतीवर लागला, मालक खूश झाला, आणि मालकाची बायको लांबून बघून म्हणाली, "शेपटी नव्हती तेव्हाच बरा दिसत होता."

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना एका सकाळी रफूवालीने एका कोटाच्या कोपरावर सुरेख रफू केलं. धागा न् धागा जुळलेला. फक्त भोक होतं त्याच्या बोटभर खाली.

"हे काय?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"भोकं दोन होती," ती म्हणाली. "मी एक बुजवलं. नेमकं खोटं निघालं."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. महिनाभर तिला थकल्यावर एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या, एक वर, एक जरा खाली. जिना उतरताना शेवटची पायरी कुठली ते कळत नव्हतं. सुईत धागा ओवायचा तर दोन सुया, आणि धागेही दोन, म्हणजे चौघांची गाठ घालून द्यायची. चहा ओतला तो कपाशेजारी. बोलली का नाहीस, म्हणून फ्रेमवाला रागावला, तर ती म्हणाली, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी नवरा एक मागितला होता, आता दोन बसलेत समोर. आणि दोघंही बोलतायत."

हसत होती, पण हात मांडीवर घट्ट धरले होते. डोळे गेले तर रफू गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती, आणि तिच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत समुद्राचं एक चित्र लावलेलं होतं. समुद्र उजवीकडे सांडत होता. फ्रेमवाल्याने तो सरळ केला आणि मगच बसला. आत गेल्यावर डॉक्टरणीने बायकोला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, मग समोर पेन धरलं.

"काकू, किती दिसतात?"

"दोन. खालचं जरा बरं आहे."

डॉक्टरणीने चमच्यासारख्या काळ्या झाकणीने तिचा एक डोळा झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला, आणि कुठला डोळा किती हलतो ते बघत राहिली. मग म्हणाली, "आता मान उजव्या खांद्याकडे झुकवा."

"अगं बाई. लांब गेली पेनं एकमेकांपासून."

"आता डावीकडे."

"आता एकच आहे."

डॉक्टरणीचा चेहरा उजळला. "काकू, तुमची मान नेहमीच अशी असते का? लहानपणापासून?"

उत्तर द्यायचा हक्क आपला, अशा थाटात फ्रेमवाला पुढे सरकला. "नेहमीच. ती ऐकते ना."

"जुने फोटो असतील तर पुढच्या वेळी घेऊन या," डॉक्टरीण म्हणाली. "आताचे, लग्नातले, शाळेतले, असतील ते सगळे."

फोटो आणायला सांगणं म्हणजे फ्रेमवाल्याच्या दुधात साखर. पुढच्या वेळी तो खोकंच घेऊन गेला आणि डॉक्टरणीच्या टेबलावर फोटो ओळीने मांडायला लागला. दुकान उघडलं त्या दिवशीचा. सहलीचा. तलावाकाठचा. प्रत्येकात बायको त्याच्या उजव्या हाताला, मान त्याच्याकडे. "बघा," तो म्हणत होता, "हा बघा. हा पण बघा."

"आणि एकटीचे?" डॉक्टरीण म्हणाली.

खोक्याच्या तळाशी तेही होते. शाळेचा फोटो होता, त्यात दुसऱ्या रांगेतली एक वेणीवाली मुलगी शेजारणीकडे कलली होती, आणि शेजारीण जीभ दाखवत होती. एका फोटोत ती त्याच्या बहिणीच्या नव्या घरात उभी होती आणि मान अगदी तशीच, तितकीच, फ्रिजकडे होती. एका फोटोत ती मिशीवाल्या शेजाऱ्याकडे कलली होती. हा तोच मिशीवाला, जो एकदा दुकानात येऊन म्हणाला होता, फोटोला फ्रेम कशाला लागते, टाचणी मारली तरी चालतं.

"अगदी पुस्तकात छापावी अशी केस आहे," डॉक्टरीण आनंदाने म्हणाली. "काकूंच्या उजव्या डोळ्याचा एक स्नायू जन्मापासून आळशी आहे. त्यामुळे तो डोळा वर सरकतो. मान डावीकडे कलली की दोन्ही डोळे एका रेषेत येतात आणि एकच दिसतं. लहानपणीच मेंदूने ही युक्ती शोधून काढली आणि इतकी वर्षं सांभाळून घेतलं. आता वयाने तोही दमला, म्हणून दोन दोन दिसायला लागलं."

"म्हणजे मान…" फ्रेमवाला म्हणाला.

"स्नायूमुळे."

"फ्रिजकडे पण."

"सगळीकडेच, काका."

मग डॉक्टरीण बराच वेळ बोलली. चष्म्यात लोलकाची काच बसवता येते, ती प्रकाश वळवून दोन चित्रं एकावर एक आणते. फरक थोडा आहे, तेव्हा आधी चष्मा करून बघू. नाहीच सोसला, तर स्नायूचं छोटं ऑपरेशन. चष्मा लागू पडला की मान हळूहळू आपोआप सरळ होईल. बायको एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होती, ऑपरेशन म्हटल्यावर तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. फ्रेमवाला मिशीवाल्याचा फोटो हातात धरून बसला होता.

त्याला कसं वाटलं ते सरळच सांगायला हवं, कारण त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. त्याला फसवल्यासारखं वाटलं. बायकोने नव्हे, तिने बिचारीने काय केलं होतं? पण तीस वर्षं तो ज्या मानेकडे बघून बोलत आला, ती मान त्याच्याकडे कललीच नव्हती. ती कलायची तशी कलली होती आणि मध्ये हा सापडला होता. तिथे फ्रिज असता, तर फ्रिजला वाटलं असतं की आपलं कुणी ऐकतंय. मग ही खरंच ऐकत होती, की नुसता एक स्नायू आळशी होता? हा प्रश्न पायात काटा जावा तसा मनात गेला आणि बाहेर निघेना.

त्याचं बोलणं आटलं. खिळे ठोकायचा, पट्ट्या कापायचा आणि गिऱ्हाइकाला माप विचारून गप्प बसायचा.

"आज घोडा नाही वाटतं?" बायकोने विचारलं.

"काम आहे," तो म्हणाला.

चष्म्याच्या दुकानात मात्र त्याला गप्प राहणं जमलं नाही, कारण तिथे भिंतभर चौकटीच होत्या. चष्मेवाला शांत, टक्कल पडलेला माणूस होता. फ्रेमवाल्याने पहिली फ्रेम बोटांत धरून वाकवून पाहिली, दुसरीचा सांधा नखाने तपासला, आणि तिसरी बायकोच्या नाकावर ठेवून म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड."

"ती धातूची आहे. हलक्यात ही बघा," चष्मेवाला म्हणाला.

"हिचे कोपरे नीट जुळलेले नाहीत."

"साहेब, ही साच्यातून निघते. हिला कोपरे जुळवावे लागत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. जुळवलेलेच नाहीत."

बायकोने दोघांकडे दुर्लक्ष करून एक तपकिरी फ्रेम उचलली, आरशात पाहिलं आणि काउंटरवर ठेवली. खरेदी संपली. मग चष्मेवाल्याने ती फ्रेम तिच्या डोळ्यांवर चढवली, हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ केली, आणि काचेवर डोळ्यांच्या बाहुल्या येतात तिथे पेनाने ठिपके द्यायला लागला. बोटं काढली की मान पुन्हा डावीकडे.

"वाकडी बसते आहे फ्रेम," फ्रेमवाला म्हणाला.

"फ्रेम सरळ आहे. मान वाकडी आहे."

"मान वाकडी नाही. ती तशीच असते."

हे बोलून गेल्यावर फ्रेमवाला स्वतःच ओशाळला आणि दाराकडे जाऊन उभा राहिला. पुढे चष्मा तयार झाला, तेव्हा तो देताना चष्मेवाल्याने बजावून सांगितलं, की नवीन नवीन मान जुन्या सवयीने कलेल, त्याकडे बघू नका. फ्रेम चेहऱ्यावर बरोबर बसवली आहे, काडीला हात लावू नका. काच डोळ्यासमोरून जराही वरखाली झाली, तर लोलकाचा उपयोग नाही, उलट त्रासच. फ्रेमवाल्याने ते ऐकलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पहिले दोन दिवस बरे गेले. बायको चष्मा लावून बसली, सुईत धागा ओवला, आणि बघा तरी, म्हणून सुई त्याच्यासमोर धरली. पण मान अजून सवयीने कलत होती, आणि मानेबरोबर चष्माही. तीस वर्षं ज्या कलत्या मानेत फ्रेमवाल्याला काही वावगं दिसलं नाही, त्याच चेहऱ्यावर आता एक चौकट लागली होती, आणि ती वाकडी होती. डावा कोपरा खाली, उजवा वर. तो नजर फिरवायचा, नजर परत तिथेच. हातात पट्टी असली तरी लक्ष चष्म्यावर. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर बायको आत जरा आडवी झाली आणि चष्मा टेबलावर राहिला. फ्रेमवाल्याने गरम हवेचं मशीन लावलं, डावी काडी मऊ केली, आणि अंदाजाने, अगदी थोडी, वाकवली. हात तयार होता. बायको उठून कामाला बसली तेव्हा मान कललेली होती आणि चष्मा जमिनीला समांतर होता. त्याने लांबूनच डोळ्यांसमोर पाणसळ धरून पाहिली. बुडबुडा मधोमध. त्या दिवशी त्याने कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

संध्याकाळी बायकोचं डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी सुया पुन्हा दोन झाल्या, आणि त्याही आधीपेक्षा लांब लांब. त्याच्या पुढच्या दिवशी तिने गिऱ्हाइकाचं आलेलं जाकीट न घेताच परत पाठवलं. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

"नाही सोसला मला चष्मा," ती म्हणाली. "ऑपरेशनच करावं लागणार बहुतेक. उद्या जाऊ या."

काडीचा आणि डोकेदुखीचा संबंध असेल, हे फ्रेमवाल्याच्या मनात आलं आणि त्याने ते झटकून टाकलं. चष्मा तर सरळ होता. सरळ गोष्टीने कुणाचं वाईट कसं होईल?

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत पुन्हा समुद्र सांडत होता. कुणाचा तरी धक्का लागला असावा. फ्रेमवाला सवयीने उठला, चौकटीला बोट लावलं आणि थांबला. चौकट सरळ होती. वाकडी होती ती खालची भिंतीवरची रंगाची पट्टी, आणि चौकट तिच्याशी ताडून बघितली म्हणून वाकडी दिसत होती. मागच्या वेळी आपण जिला सरळ केलं, तीच आधी बरोबर होती का, असंही त्याच्या मनात आलं. तो परत येऊन बसला. बायको डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसली होती. आपल्या बायकोच्या डोळ्यावर सुरी चालणार, ती आपल्यामुळे, हे आता त्याला झटकता येईना.

"ऐक," तो म्हणाला. "काडी मी वाकवली."

तिने डोळे उघडले.

"तू झोपली होतीस तेव्हा. वाकडा दिसत होता गं. राहवेना."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. किती फ्रेमवाले दिसत होते कोण जाणे, पण दोघांचीही मान खाली होती.

"चष्मा वाकडा दिसत होता," ती सावकाश म्हणाली, "की मान सरळ होईल याची भीती वाटत होती?"

असं काही आपल्या मनात होतं, हे फ्रेमवाल्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ते खोटं आहे असंही त्याला म्हणता येईना.

"मला वाटायचं, तू माझं ऐकतेस," तो म्हणाला. "म्हणून मान माझ्याकडे."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात आतून तिला हाक आली.

डॉक्टरणीने चष्मा हातात घेऊन समोर धरला आणि हसू दाबलं. एक काच वर चढली होती, दुसरी खाली उतरली होती. ऑपरेशनचं नाव न काढता तिने दोघांना चष्मेवाल्याकडे पाठवलं. चष्मेवाल्याने काडी पूर्ववत केली आणि फ्रेमवाल्याकडे एकदाच बघून म्हणाला, "मी तुमच्या चौकटींना हात लावतो का?"

बायको त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रास्तच होतं. बाहेर बसल्या बसल्या तिने मनात ऑपरेशनची तयारी केली होती, ती काय उगाच? फ्रेमवाल्याने चहा करून दिला, धाग्याची रिळं रंगांप्रमाणे लावून दिली, कात्रीला धार लावून आणली. तिने सगळं घेतलं आणि हूं म्हणाली.

आणि मान सरळ झाली. रोज किंचित किंचित, आणि मग एके दिवशी त्याने उजवीकडे पाहिलं तर शेजारी एक ताठ मानेची बाई बसली होती. चष्मा सरळ, खांदे सरळ. सुई एका फटक्यात ओवली जात होती. सोडून दिलेलं जाकीट तिने निरोप पाठवून परत मागवलं.

"कशी दिसते?" तिने विचारलं.

"छान दिसतेस," तो म्हणाला, आणि त्याला ते नीट म्हणता आलं नाही.

"शेपटी नव्हती तेव्हाच बरा दिसत होता, असंच ना?"

तो हसला, पण हसू गालापर्यंतच आलं. मान आता समोर होती, हातातल्या कापडावर. त्याच्या बाजूला कान होता, बाकी काही नाही. बोलायला तोंड उघडावं तर कुणाकडे बघून बोलायचं, हेच त्याला कळेना.

मग एका सकाळी तिने दिवा लावला, जरा वेळ काम केलं, दिवा बंद केला आणि म्हणाली, "मला खिडकीशी बसायचंय."

फ्रेमवाल्याला वाटलं, संपलं. मान गेली, आता माणूसही शेजारून उठून निघालं.

"दुकान थाटलं तेव्हा मी तेच सांगत होतो," तो म्हणाला. "खिडकीशी तू बस, रफूला उजेड लागतो. तर तू म्हणालीस, उजेड डोळ्यांवर येतो."

"म्हणाले होते."

"आणि आता येत नाही?"

"तेव्हाही येत नव्हता."

फ्रेमवाल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "मग तीस वर्षं दिव्याखाली डोळे फोडत कशाला बसलीस?"

बायकोने सुई कापडात खोचली. "खिडकीशी बसले असते, तर तुम्ही माझ्या उजव्या हाताला आला असता. मान गेली असती खिडकीकडे. तुम्ही दिवसभर बोलणार आणि मी रस्त्याला कान लावून बसणार. बरं दिसलं असतं का ते?"

फ्रेमवाल्याने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मान अशी का, ते मलाही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "लहानपणी आई सारखी ओरडायची, सरळ बस, सरळ बस. सरळ केली की पुन्हा तिथेच. कुणीकडे जाते एवढं मात्र कळलं होतं. मग माणूस बघून बाजू धरायची. नको असलेलं माणूस उजव्या हाताला घ्यायचं, कटकट नाही."

"आणि तो बाक?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "बसथांब्यावरचा?"

"तेव्हा आधी तुमच्या डावीकडे बसले होते. तुम्ही शेपटीपर्यंत आलात आणि अडखळलात. म्हटलं, याला वाटतंय मी कंटाळून तोंड फिरवलंय. पोरगा इतका रंगात आला होता. म्हणून उठले आणि इकडून येऊन बसले."

"मला वाटलं, उन्हामुळे उठलीस."

"ऊन इकडेच होतं. चांगली भाजले त्या दिवशी."

फ्रेमवाल्याने नाक पुसलं. रुमाल नव्हताच, बाहीने पुसलं. मग एकदम काहीतरी आठवून तो म्हणाला, "आणि तो मिशीवाला?"

"तिथे फोटो काढणाऱ्याने उभं केलं होतं," ती म्हणाली. "अहो, मान कुठे कलायची ते माझ्या हातात नव्हतं. कुठे बसायचं ते होतं."

फ्रेमवाला उठला. आपलं टेबल त्याने खिडकीपासून ओढलं, तिचं टेबल खिडकीशी लावलं, रिळांचा डबा नेला, कात्री नेली, खुर्ची नेली. दिव्याची वायर काढून गुंडाळली आणि दिवा वरच्या फळीवर टाकला. टेबल नीट लागलं की नाही ते बघायला त्याने पाणसळही काढली नाही.

बायको खिडकीशी बसली. तीस वर्षं चौकटींच्या पट्ट्यांवर पडलेला उजेड तिच्या हातांवर पडला. तिने जाकीट मांडीवर घेतलं, सुई ओवली, आणि ताठ मानेने, नजर सुईवर ठेवून कामाला लागली. फ्रेमवाला तिच्या उजव्या हाताला बसला. इकडून ती त्याला नवीनच दिसत होती. त्याने दोन खिळे ठोकले. घसा खाकरला.

"एक हौशी माणूस होता," तो म्हणाला. "त्याने आपल्या घोड्याचं मोठं चित्र काढून घेतलं होतं."

तो शेपटीपर्यंत आला आणि सवयीने अडखळला. शेजारची मान जराही हलली नाही.

"पुढे?" ती म्हणाली.